आंबा घाटात भरलेली पिकअप दम सोडते, रिकामी मात्र पळते

हापूसवाला_पावस:
मंडळी, सीझन ऐन भरात आहे, म्हणून घाईत लिहितोय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

गाडी २०१८ ची, बीएस-४, अडीच लिटरची कॉमन रेल टर्बो डिझेल पिकअप. रनिंग १ लाख ६२ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा नसून बहुतेक माझाच आहे. गेल्या दिवाळीत मी गाडी ‘तयार’ करून घेतली: रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत ट्युनिंग बॉक्स, डब्यातल्या एअर फिल्टरच्या जागी कोन फिल्टर, आणि काळ्या रबरी पाइपांच्या जागी निळे सिलिकॉनचे. बाबा तेव्हाच म्हणाले होते, “शिंगं रंगवलीस म्हणून बैल जास्त नांगरत नाही.”

आता त्रास. ६०-७० क्रेट, म्हणजे बाराशे-चौदाशे किलो आंबा भरून कोल्हापूरला निघतो. साखरप्यापर्यंत झकास. घाट लागला, तिसऱ्या गिअरला २२०० च्या वर नेली, की चार-पाच वळणांनंतर कुणीतरी मागून दोर धरल्यासारखी अडते. आरशात काळा धूर, डॅशवर इंजिनचा दिवा. बाजूला घेऊन चावी बंद करून परत चालू केली की पाच मिनिटं शहाण्यासारखी वागते, मग पुन्हा तेच. रात्री दोनला निघालो तर त्रास कमी, दुपारी हटकून. परत येताना रिकामी असते, तेव्हा काही नाही.

आतापर्यंत केलेलं: डिझेल फिल्टर दोनदा बदलला, इंजेक्टर काढून पंपवाल्याकडे तपासले (चारही बरे निघाले), ई.जी.आर. (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) साफ केला. ब्लूटूथ डोंगलवर (गाडीतले दोष मोबाइलवर दाखवतो तो) कोड येतो पी०२९९. आमच्याकडचा मिस्त्री म्हणतो टर्बो गेला, ३८ हजार ठेवा. ठेवू का?

एसटीवाला_निवृत्त:
थांबा, इतक्यात ठेवू नका. मी ३१ वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात काढली. टर्बो खरोखर जातो त्याच्या तिप्पट वेळा तो उगाच काढला जातो.

पी०२९९ एवढंच सांगतो की ई.सी.यू.ने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, मागितला तेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात दाबून भरलेली हवा, मिळाला नाही. का मिळाला नाही, ते तो सांगत नाही. पण धुराचा रंग सांगतो. ताकद गेली आणि धूर काळा, म्हणजे डिझेल आहे, हवा कमी पडते. ताकद गेली आणि धूरच नाही, तर डिझेल कमी पडत असण्याची शक्यता. तुमचा काळा आहे. म्हणजे फिल्टर आणि इंजेक्टरवरचे पैसे बहुतेक फुकट गेले, वाईट वाटून घेऊ नका.

आधी तो बॉक्स काढा. तो ई.सी.यू.ला रेलमधला, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या नळीतला, दाब खरा आहे त्यापेक्षा कमी सांगतो, मग ई.सी.यू. दाब वाढवतो आणि डिझेल जास्त पडतं. स्कॅनरवरही तुम्हाला तोच खोटा आकडा दिसणार. खोटं बोलणारा साक्षीदार आधी कोर्टाबाहेर काढायचा, मग खटला चालवायचा.

मग इंजिन बंद ठेवून नुसती चावी लावा आणि मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) काय दाखवतो ते बघा. पावस समुद्राकाठी आहे, साधारण १०० किलोपास्कल आलं पाहिजे. भलतंच काही आलं तर सेन्सर काजळीने भरलाय. त्यानंतर टर्बोच्या तोंडाशी झाकण लावून आत हवा भरा, एक बारच्या वर नाही, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा.

आणि एक विचारायचं राहिलं: पीयूसी कशी निघते हो तुमची? कंपनीने दिलेल्या गाडीत असे बदल केलेले मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत. अपघात झाला तर विमेवाला पहिलं बॉनेट उघडून बघेल.

हापूसवाला_पावस:
काका, पीयूसीचा विषय नको, पोटात गोळा येतो.

बॉक्स काढला. मॅप चावीवर ९९ दाखवतो. पंक्चरवाल्याने मस्त काम केलं: पीव्हीसीच्या एंड कॅपला भोक पाडून त्यात ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवला, कॅप टर्बोच्या तोंडावर क्लिपने आवळली आणि गेजवर बघत हवा सोडली. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करतो तो) खालच्या क्लिपशी बारीक बुडबुडे आले. क्लिप आवळली, बुडबुडे बंद. मी खूश होऊन दुसऱ्या दिवशी भरून निघालो.

घाटात तेच. फरक एवढाच की आता काळा धूर नाही, नुसती मरगळ. तिसऱ्या गिअरला २६०० वर डोंगल म्हणतो मागितले २१५ किलोपास्कल, मिळाले १४०. (बायको शेजारी मोबाइल धरून आकडे वाचत होती. तिचं म्हणणं, लग्नानंतरची ही आमची पहिली लाँग ड्राइव्ह.)

एसटीवाला_निवृत्त:
धूर गेला तो बॉक्स काढल्यामुळे. हवा कमी आहे हे ई.सी.यू.ला आधीही दिसत होतं, पण बॉक्समुळे डिझेल जास्त पडायचं; आता तो हवेपुरतंच डिझेल देतो. रोग तिथेच आहे. टर्बोच्या व्हेन म्हणजे आतल्या पात्या हलवणारा अ‍ॅक्च्युएटर हातपंपाने व्हॅक्यूम देऊन बघा. दांडी न अडकता पूर्ण सरकली पाहिजे आणि व्हॅक्यूम धरून राहिला पाहिजे. हात लागलाच आहे तर त्याची बारीक नळी कुठे चिरली आहे का, तेही बघा. आणि टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून पाहा.

शाहूपुरी_गॅरेज:
काय भावा, इतकं सगळं तपासलंस आणि एक पाइप सोडलास की. टर्बोच्या पुढचं सगळं बघितलंस, मागचं कोण बघणार?

कॅप टर्बोच्या तोंडावर लावली म्हणतोस. म्हणजे फिल्टर ते टर्बो हा पाइप तू काढून बाजूला ठेवलेलास, टेस्टमध्ये तो आलाच नाही. आणि आला असता तरी पास झाला असता, कारण त्याच्यावर दाब नसतो, ओढ असते. टर्बो जोरात ओढायला लागला की मऊ पाइप आत चपटा होतो. पाय सोडलास की परत गोल. तू बॉनेट उघडेपर्यंत तो साळसूद होऊन बसलेला असतो. ब्रीदरचं (इंजिनच्या पोटातली वाफ सोडणाऱ्या नळीचं) तेलकट वाफाळ त्याच्यातच येतं, सिलिकॉन त्याने आणखी ढिलं पडतं, दुपारच्या गरमीत तर बघायलाच नको. रात्री कमी, दुपारी जास्त हे तूच लिहिलंयस.

पाइप बोटांत दाबून बघ. सहज चपटा झाला तर तोच. खात्री करायची तर जुना मोबाइल व्हिडिओ चालू करून बॉनेटखाली बांध. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब, आणि दोन ठिकाणी बांध, नाहीतर मोबाइलचं बिल मला पाठवशील.

हापूसवाला_पावस:
अ‍ॅक्च्युएटर बरा आहे, दांडी लोण्यासारखी सरकते. शाफ्टही ठीक वाटला.

आता व्हिडिओ. बायकोचा जुना मोबाइल चार केबल टायनी बॅटरीच्या बाजूला बांधला, दुपारी एकला भरून निघालो. घाटमाथ्यावर आंबा गावात चहाच्या टपरीपाशी थांबून बघितला. पहिली दहा मिनिटं निळा पाइप नुसता थरथरतोय. मग चढ आला, टर्बोची शिट्टी वाढली आणि पाइपाचा कोपर हळूहळू आत गेला. सर्दी झालेल्या माणसाची नाकपुडी श्वास घेताना चिकटते ना, अगदी तस्साच. तिथून पुढे इंजिनाचा आवाजच बदललेला ऐकू येतो. गिअर बदलताना पाय काढला की फट्कन गोल! टपरीवाल्यालाही दाखवला, तो म्हणाला व्हिडिओ परत लावा.

सहा महिने मी ज्या पाइपाला कपड्याने पुसून चकाकी आणत होतो, तोच.

शाहूपुरी_गॅरेज:
बघ. आता कुणी सांगेल की आत पत्र्याची रिंग टाक, ऐकू नकोस. ती सुटली तर थेट टर्बोच्या पात्यात जाते, मग ३८ हजार खरेच. मूळचा रबरी पाइप घाल, त्याला बाहेरून कड्या-कड्या असतात त्या उगाच नाहीत. फिल्टरचा डबाही परत बसव. कोन फिल्टर बॉनेटमधलीच गरम हवा ओढतो.

हापूसवाला_पावस:
जुना पाइप आणि डबा माळ्यावर सापडले, उंदरांनी डब्यात घरटं केलं होतं तेवढं काढलं. काल ६८ क्रेट भरून दुपारी गेलो. २६०० वर मागितले २१५, मिळाले २१०. घाट तिसऱ्यात काढला, एका जागी चौथाही पडला. कोड पुसला होता, परत आला नाही. खर्च दोन क्लिपा, १२० रुपये.

एसटीवाला_निवृत्त:
उत्तम. बॉक्स परत लावणार नाही ना?

हापूसवाला_पावस:
लावायचा म्हटलं तरी मिळायला हवा ना काका. बाबांनी तो कुठेतरी ठेवलाय आणि विचारलं की म्हणतात, सीझन संपू दे.