कुणालाच न सोडणारा विनोदी सिनेमा, सहा मित्र, एक थिएटर: शो आणि जागा कशा निवडाव्यात?

पाचवी_घंटा
धर्म, राजकारण, शरीर, मरण, सगळ्याचीच टर उडवणारा एक विनोदी सिनेमा थिएटरात पाहायचा बेत आहे. आम्ही सहा जण. दोघे जरा हळवे आहेत. आणखी दोघांना सिनेमाची भाषा नीट कळत नाही, म्हणून सबटायटलवाला शो बघतोय. गर्दीचा शो घ्यावा की रिकामा? कुणी कुठे बसावं? आणि एखाद्याला मधेच उठावंसं वाटलं तर अवघडलेपण येऊ नये म्हणून आधी काय करता येईल? ‘मोकळ्या मनाने बघा’ हा सल्ला सोडून काहीही चालेल.

मधली_रांग
गर्दीचा शो, शक्यतो पहिल्या आठवड्यातल्या सुट्टीच्या संध्याकाळचा. रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाने लोकांकडून हसण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. टीव्ही-वाचन वगैरे वगळलं तर माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत सुमारे ३० पट जास्त हसतो, असं त्यातून निघालं. शिवाय विनोदी सिनेमाच्या संकलनात हशासाठी जागा सोडलेली असते. हॉल रिकामा असला की तीच जागा पोकळ वाटते आणि सिनेमा रेंगाळतोय असा समज होतो.

जागांचं म्हणाल तर संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. भिंतीलगत बसलात तर बाजूचा स्पीकर कानाशी येतो आणि पुटपुटलेली वाक्यं निसटतात. पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर, मध्यभागी बसा. सहा जणांनी एका रांगेत बसू नका, टोकाच्या दोघांना एकमेकांचं हसू ऐकूच येत नाही. तीन पुढे, तीन बरोबर त्यांच्या मागे.

उंबरठा
वरचं सगळं पटलं, गर्दी सोडून. हळव्या माणसाला भरल्या हॉलमध्ये दुहेरी त्रास होतो: विनोद लागतो, आणि आपणच हसत नाही आहोत हेही जाणवतं. मग तो उसनं हसतो आणि बाहेर पडल्यावर गप्प होतो. त्या दोघांसाठी अर्धा भरलेला दुपारचा शो बरा.

आधीची विचारपूस ग्रुपवर करू नका, तिथे ‘मला नको’ असं कुणी लिहीत नाही. एकेकट्याला विचारा, आणि नेमकं विचारा. ‘चालेल ना?’ला उत्तर ‘हो’च येतं. ‘आत्महत्येवर किंवा देवावर विनोद असेल तर बसशील का?’ याला खरं उत्तर मिळतं. नुकतंच कुणी गेलं असेल, तर मरणावरचे विनोद त्या आठवड्यात नकोत.

ट्रेलरवर विसंबू नका. तो बहुतेकदा सर्वांना दाखवता यावा म्हणून सौम्य केलेला असतो. वयाच्या प्रमाणपत्रासोबत कारण दिलेलं असेल तर ते वाचा: नुसती शिवराळ भाषा आणि लैंगिक प्रसंग यांत फार फरक आहे. प्रौढांसाठीचा सिनेमा असेल तर वयाचा पुरावा सगळ्यांनी जवळ ठेवा. एकाला दारात अडवलं की सहाही जणांचा शो बुडतो.

ज्याला उठावं लागेल त्याला वाटेलगतची खुर्ची. ‘उठलो तर मागे यायचं नाही, शो संपल्यावर बाहेर भेटू’ एवढं आधीच ठरवा. बाहेर गेलेल्याला आतून मेसेज करत बसू नका, फोनचा उजेड मागच्या तीन रांगांना दिसतो.

दोन_ओळी
सबटायटलचा एक घोळ कुणी सांगितला नाही. ओळ एकदम उमटते, नट ती सावकाश बोलतो. वाचणारा आधी हसतो, ऐकणारा नंतर, आणि पहिल्या हशात दुसऱ्याचं वाक्य बुडतं. म्हणून वाचणारे दोघे शेजारी शेजारी बसवा. हॉलचा पुढचा भाग सपाट असेल तर पायऱ्या सुरू होतात तिथून मागे बसा, नाहीतर पुढच्याचं डोकं नेमकं खालच्या ओळीवर येतं. शब्दांवरच्या कोट्या बहुतेक वेळा बदललेल्या असतात. चालू सिनेमात त्या समजावून सांगू नका, पुढचे दोन विनोद जातात.

मधली_रांग
@उंबरठा, उसन्या हसण्याचा मुद्दा मान्य. त्या दोघांना मागच्या तिघांत बसवा, म्हणजे कुणी वळून त्यांचे चेहरे बघणार नाही.

एक पुरवणी. हॉल हसला म्हणजे सगळे एकाच गोष्टीवर हसले असं धरू नका. ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकी मालिकेत एका पूर्वग्रहदूषित माणसाची खिल्ली होती. १९७४ साली विडमार आणि रोकीच यांचा तिच्या प्रेक्षकांवरचा अभ्यास आला. ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना ते पात्र उलट आपलंसं वाटत होतं. तेव्हा बाहेर आल्यावर ‘आवडला का?’पेक्षा ‘तो प्रसंग कुणाची टर उडवत होता?’ असं विचारा. सहा जणांत किमान दोन उत्तरं येतील.

पाचवी_घंटा
मग शो दुपारचा, अर्धा भरलेला. हळवे मागच्या रांगेत, पण दोघांपैकी वाटेलगत कुणाला?

उंबरठा
ज्याने एकट्याने विचारल्यावर उत्तर द्यायला वेळ घेतला, त्याला.