न्यूझीलंड : मंत्री एकच, मग शिक्षणाला मुदत आणि भरपाईला का नाही?

दक्षिणवारा (ऑकलंड)

न्यूझीलंडच्या संसदेत दोन विषय पुन्हा पुन्हा येतात आणि दोन्हींची उत्तरं एकाच बाईंना द्यावी लागतात. एरिका स्टॅनफर्ड शिक्षणमंत्री आहेत. सरकारी आणि चर्चच्या संस्थांमध्ये मुलांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशी अहवालावर सरकार काय करणार हे ठरवण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१८ साली नेमलेल्या रॉयल कमिशनचा, म्हणजे या अत्याचारांच्या चौकशी आयोगाचा, अंतिम अहवाल २४ जुलै २०२४ रोजी संसदेत मांडला गेला. १९५० ते २०१९ या काळात बालगृहं, मनोरुग्णालयं, निवासी शाळा, सरकारने शोधून दिलेली पालक कुटुंबं, चर्चच्या संस्था अशा ठिकाणी मिळून साधारण ६ लाख ५५ हजार माणसं राहिली. त्यांपैकी २ लाखांपर्यंत लोकांवर अत्याचार झाले असावेत, असा कमिशनचा अंदाज आहे. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पंतप्रधान क्रिस्टोफर लक्सन यांनी सभागृहात माफी मागितली.

पुढचं वर्ष उजाडलं तसं पाणी कुठे मुरतंय ते कळायला लागलं. भरपाईचे दावे ज्या खात्यांविरुद्ध आहेत त्यांच्याच हातात ते नकोत, स्वतंत्र यंत्रणा हवी, असं कमिशन २०२१ पासून सांगत होतं. मे २०२५ मध्ये सरकारने त्याला नकार दिला. जुनीच व्यवस्था ठेवून तिच्यासाठी ५३ कोटी ३० लाख डॉलर काढले. सरासरी रक्कम १९,१८० वरून ३०,००० डॉलरवर नेली आणि २०२७ पासून वर्षाला २,१५० दावे निकाली काढू असं सांगितलं. शिवाय गंभीर हिंसक किंवा लैंगिक गुन्ह्यात पाच वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेली असेल, तर पैशाची भरपाई सहसा मिळणार नाही. तशी तरतूद असलेलं विधेयकही आलं.

२ लाखांना २,१५० ने भागून बघा, ९३ वर्षं होतात. यातले बरेच जण आज हयात नाहीत, बरेच दावा करणार नाहीत हे मान्य. चौथा हिस्सा जरी पुढे आला तरी २३ वर्षं लागतात, आणि माणसं आजच साठी-सत्तरीत आहेत.

शिक्षणाचं मात्र सगळं तारीखवार आहे. आठवीच्या ८० टक्के मुलांनी वाचन, लेखन आणि गणितात अपेक्षित पातळी डिसेंबर २०३० पर्यंत गाठायची. सरकारने २०२४ मध्ये जी नऊ उद्दिष्टं जाहीर केली त्यांतली दोन शाळेची आहेत, भरपाईचं एकही नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या मुलांचं बालपण सरकारने स्वतःच्या ताब्यात असताना मोडलं, त्यांचं देणं आधी आणि ठरलेल्या मुदतीत द्यावं. पुढे ती माणसं कशी वागली याच्याशी त्या देण्याचा संबंध नाही.

हिशोबनीस

भावना पोचल्या, पण तुमचाच आकडा पुढे नेतो. २ लाख गुणिले ३०,००० म्हणजे ६०० कोटी डॉलर. हा देश साधारण त्रेपन्न लाख वस्तीचा आहे. पैसा कुठून तरी काढावा लागेल, आणि तो निघतो इस्पितळातून नाहीतर शाळेतून.

शाळांची अवस्था काय आहे? पंधरा वर्षांच्या मुलांची देशोदेशी जी पिसा चाचणी होते, तीत २००३ साली न्यूझीलंडचे गणिताचे गुण ५२३ होते. २०१८ ला ४९४ आणि २०२२ ला ४७९. ही मुलं आज वर्गात बसली आहेत, त्यांना अजून वाचवता येतं. मागच्या पिढीवरचा अन्याय खरा आहे, पण तो पैशाने पुसला जात नाही. मी इथे कर भरतो, माझी दोन मुलं इथल्या सरकारी शाळेत आहेत. आधी वर्ग नीट करा असं म्हणण्यात मला काही गैर वाटत नाही.

पाटीपेन्सिल

मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून आधी आकड्यांबद्दल. आठवीतली फक्त २२ टक्के मुलं गणितात अपेक्षित पातळीवर आहेत असं ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं गेलं आणि गहजब झाला. पण ते मोजमाप नव्या अभ्यासक्रमाच्या पट्टीने केलं होतं, जी पट्टी मुलांना तोवर शिकवलेलीच नव्हती. त्यावरून एका वर्षात सगळं ढासळलं असं म्हणणं चूक आहे. पिसाची घसरण मात्र खरी आहे, तिथे हिशोबनीसांशी सहमत.

स्टॅनफर्डबाईंचं काम मला आवडतं हेही स्पष्ट सांगते. रोज एकेक तास वाचन, लेखन आणि गणित, वर्गात मोबाईल बंद, आणि आता अक्षर-ध्वनी पद्धतशीर शिकवणं. शाळेत येऊन वीस आठवडे झाले की मुलाला एकटं जवळ बसवून शब्द वाचायला देतो. त्यांत काही मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले शब्द असतात, म्हणजे पाठांतर चालत नाही. मूल बोट ठेवून एकेक ध्वनी काढतं, मग तिन्ही जोडून म्हणतं, आणि आपल्याकडे बघतं. अडलं कुठे ते तिथेच कळतं. पूर्वी हे दुसरी-तिसरीपर्यंत कळायचं नाही. २०२५ च्या पहिल्या सत्रात या तपासणीत ३६ टक्के मुलं पातळीवर होती, तिसऱ्या सत्रात ५८ टक्के झाली.

म्हणजे मनावर घेतलं तर हीच मंत्री दोन सत्रांत फरक घडवून आणते. म्हणूनच मी भरपाईच्या बाबतीत दक्षिणवारा यांच्या बाजूने आहे.

निशिगंध

मला पाच वर्षांच्या अटीबद्दल बोलायचं आहे, कारण वर ते एका वाक्यात उडवून लावलंय.

एखाद्या बाईवर ज्याने बलात्कार केला, त्याला सरकारने तीस हजार डॉलर आणि माफीचं पत्र दिलं हे तिला कळलं, तर तिने काय समजायचं? तिला स्वतःला काय मिळालं? लहानपणी छळ सोसलेली असंख्य माणसं पुढे कुणाला बोटही लावत नाहीत. अट सरसकट नाही, स्वतंत्र अधिकारी एकेक प्रकरण बघून अपवाद करू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या भरपाई योजनेतही काही गंभीर गुन्ह्यांत पाच वर्षं किंवा त्याहून मोठी शिक्षा झाली असेल तर वेगळी तपासणी आहेच. मला ही अट रास्त वाटते, आणि असं वाटण्यासाठी मी निर्दय असायची गरज नाही.

रानजाई (साउथ ऑकलंड)

निशिगंध, तुमचा प्रश्न खरा आहे. त्या बाईला न्याय मिळायलाच हवा, पण तो त्या माणसाला झालेल्या शिक्षेतून मिळतो. त्याच्या नवव्या वर्षी त्याला कोंडून मारणाऱ्या संस्थेचं देणं माफ केल्याने तिच्या पदरात काय पडतं?

कमिशनचाच निष्कर्ष बघा. सरकारने निवासी संस्थांत ठेवलेल्या मुलांपैकी तिघांत एकापर्यंत मुलं पुढे तुरुंगात गेली. लोअर हटचं एपुनी, लेविनचं कोहितेरे ही मुलांची गृहं. मंग्रेल मॉब आणि ब्लॅक पॉवर या टोळ्यांची मुळं अशा गृहांपर्यंत जातात, हे अहवालात आहे. आणि यात माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, मुलं त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त. ज्या वाटेने सरकारने त्यांना ढकललं, त्या वाटेवर चालल्याचा दंड सरकारच वसूल करणार का?

हिशोबनीस, तुम्ही शाळा आणि भरपाई समोरासमोर उभ्या करता ते मला पटत नाही, कारण या मुलांची शाळाही तिथेच गेली. वर्गाऐवजी धुलाईखान्यात आणि शेतात राबवलं. बहिऱ्या मुलांच्या शाळांत तर खुणांच्या भाषेवर कित्येक वर्षं बंदी होती, हात हलवले म्हणून मार. जी भाषा २००६ साली देशाची अधिकृत भाषा झाली, ती वापरल्याबद्दल.

मी दाव्यांचे कागद भरायला मदत करते. पासष्टीचे एक गृहस्थ आले, स्वतःची फाईल मागवून घेतलेली. जाडजूड गठ्ठा, आणि पानंच्या पानं काळ्या पट्ट्यांनी झाकलेली. त्यांना वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचत गेले. मधेच काळी पट्टी आली की मी थांबायचे, आणि ते विचारायचे, 'तिथे माझ्या भावाचं नाव आहे का?' मला सांगता येत नव्हतं. वाचायला न शिकवणं हाही त्यांच्यावर झालेल्या अन्यायाचाच भाग आहे, आणि तो कुठल्याच पिसाच्या तक्त्यात दिसणार नाही.

हिशोबनीस

रानजाई, शाळाही हिरावली गेली हा मुद्दा मी धरला नव्हता, तो मान्य. तरी रकमेचा प्रश्न राहतोच. तीस हजार कमी वाटत असतील, तर किती? ऑस्ट्रेलियात कमाल दीड लाख आहे, त्यांची अर्थव्यवस्था आपल्या कितीतरी पट मोठी.

रानजाई (साउथ ऑकलंड)

दीड लाखाचा आकडा न्यूझीलंडलाही परका नाही. लेक ॲलिसच्या मनोरुग्णालयात १९७० च्या दशकात मुलांना शिक्षा म्हणून विजेचे झटके दिले, पायांना, गुप्तांगांना, आणि पॅराल्डिहाइडची इंजेक्शनं टोचली. तो छळ होता हे सरकारने २०२४ मध्ये कबूल केलं आणि त्यांच्यासाठी दीड लाख डॉलरचा पर्याय ठेवला. ते योग्यच झालं. पण एपुनीतल्या मुलाला तीस हजार का, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

निशिगंध

अट पूर्ण काढू नये या मतावर मी आहे. मात्र अपवाद ठरवताना 'हा माणूस कितव्या वर्षी संस्थेत गेला आणि पहिला गुन्हा कधी घडला' हे बघणं कायद्यातच बंधनकारक करावं, अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. इतपत मी मानते.

पाटीपेन्सिल

आणि मुदत? सहा वर्षांच्या मुलाची प्रगती आम्ही दर सत्राला वर कळवतो. दावे किती आले, किती निकाली निघाले, किती अर्जदार वाट बघताना वारले, हे तीन आकडे दर तिमाहीला सभागृहात ठेवायला कायदा बदलायचीही गरज नाही. मी माझ्या खासदाराला तसं लिहिते आहे. मसुदा इथे टाकते, कुणाला सही करायची असेल तर सांगा.

दक्षिणवारा (ऑकलंड)

माझी सही धरा. चौथा आकडाही घाला : किती दावे पाच वर्षांच्या अटीवर नाकारले.