शब्द हवा: स्तन न काढता होणाऱ्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला काय म्हणावं?

तापीकाठ: जावेला स्तनाचा कर्करोग निघाला, रक्ततपासणीत बीआरसीए-१ जनुकात बदल सापडला. डॉक्टरांनी दिलेलं इंग्रजी माहितीपत्रक घरच्या बायकांसाठी मराठीत करतेय. ‘स्तनसंवर्धन शस्त्रक्रिया’ असं वाचून दाखवलं, तर सासूबाई घाबरल्या, ‘म्हंजे मोठं करतीन का?’

मूळशोध: त्यांचं बरोबर आहे. ‘वृध्’ म्हणजे वाढणं; पशुसंवर्धन, मत्स्यसंवर्धन. ‘स्तनसंरक्षक’ लिहा.

रावेरवाला: किल्ल्याचं संवर्धन करतात तेव्हा किल्ला वाढत नाही, रूढ अर्थ चालतो. पण बायकांसाठीच आहे, तर ‘थान राखून ऑपरेशन’ लिहा. माझी आजी थानच म्हणायची.

मूळशोध: शब्द अस्सल आहे, स्तन-थण-थान. पण आज तो गाईम्हशींना लावतात. छापील पत्रकात बाईला अपमान वाटेल.

रावेरवाला: तुमच्याकडे वाटत असेल. आमच्याकडे लेकराला थानालाच लावतात.

वॉर्डातली ताई: कर्करोगाच्या वॉर्डात पंधरा वर्षं काढली. बाया ‘छातीत गाठ’ एवढंच सांगतात. ‘स्तन वाचवायची शस्त्रक्रिया’ असंही कानावर येतं, तो शब्द मला टोचतो. जिचा पूर्ण काढला तिचा काय बुडाला? त्यात जनुकातला बदल असला की निवड आणखी अवघड. गाठ काढून रेडिएशन घेतलं तर जगण्याची शक्यता स्तन काढल्याइतकीच राहते, असं आजवरच्या अभ्यासांत अशा बायकांमध्येही दिसलंय. पण राखलेल्या स्तनात किंवा दुसऱ्या बाजूला पुढे नवा कर्करोग होण्याचा धोका त्यांना जास्त असतो, म्हणून काहीजणी दोन्ही काढून घेतात. दोन्ही निर्णय शहाण्या बायकांचे असतात. शब्दानं आधीच कौल देऊ नये. ‘फक्त गाठ काढायची शस्त्रक्रिया’ म्हणा.

मूळशोध: ‘फक्त’ खरं नाही. भोवतालचा थोडा निरोगी भागही काढतात, शिवाय काखेतल्या गाठी तपासतात.

तापीकाठ: तिथंच तर अडलंय! ‘काखेतल्या गाठी’ वाचून जाऊ रडायला लागली, तिथंही पसरलं म्हणून. त्या म्हणजे लिम्फ नोड, त्या सगळ्यांनाच असतात हे समजवायला अर्धा तास गेला.

मूळशोध: ग्रंथीचीच गाठ झाली. निसर्गाची ती ग्रंथी, रोगाची ती गाठ, असं पाळा.

वॉर्डातली ताई: ‘ग्रंथी’ म्हटलं की बाया गळ्याला हात लावतात, थायरॉइड समजून.

तापीकाठ: आणि ‘सदोष जनुक’? तिची मुलगी वीस वर्षांची आहे. लग्न जमवताना ‘दोष’ शब्द कसा फिरतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. वर सासूबाई विचारतात, ‘मायकडथून उनं का?’ बापाकडूनही येऊ शकतं, हे कुठे बसवू?

मूळशोध: ‘उत्परिवर्तन’ नेमका आहे. आणि कृपया ‘अनुवांशिक’ लिहू नका, आनुवंशिक.

रावेरवाला: उत्परिवर्तन सासूबाईंना वाचून दाखवा आणि मग सांगा. केळीचा रोग कंदातून पुढच्या बागेत जातो, तसं लिहा. इथं प्रत्येकीला कळेल.

वॉर्डातली ताई: नको, दादा. पोराकडे रोग जात नाही, धोका जातो. तोही प्रत्येक मुलाला निम्म्या शक्यतेनं, मुलगा असो की मुलगी.

तापीकाठ: ताई, ‘रोग जात नाही, धोका जातो’ हे जसंच्या तसं घेतलं. शस्त्रक्रियेच्या नावाची ओळ अजून कोरी आहे.