अमेरिकेत टॅक्स रिटर्न: फुकट भरता की पैसे मोजून? अनुभव लिहा

जानेवारी संपत आला की आमच्या कपाटातून एक पिवळं पाकीट बाहेर निघतं. दोघांचे डब्ल्यू-२ (पगाराचं वार्षिक पत्रक), बँकेचे १०९९ (व्याजाचं पत्रक), मुलाच्या डे-केअरच्या पावत्या, सगळं त्यात कोंबलेलं. न्यू जर्सीत येऊन नऊ वर्षं झाली, त्यातली सहा वर्षं मी एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर रिटर्न भरलं. का, तर ऑफिसातल्या एकाने पहिल्या वर्षी सांगितलं म्हणून. तेव्हा ते खरंच फुकट झालं होतं. दुसऱ्या वर्षी डे-केअरचा खर्च दाखवायला गेले आणि गाडी अडली: हा फॉर्म तुमच्या प्लॅनमध्ये नाही. तोवर दोन तास टायपिंग झालेलं, मूल मांडीवर पेंगत होतं. पुन्हा पहिल्यापासून कोण करणार? भरले पैसे. फेडरलचे (केंद्राच्या रिटर्नचे) वेगळे, स्टेटचे (राज्याच्या) वेगळे. शेवटी विचारलं, फी रिफंडमधून कापून घेऊ का? मी खुशीत हो म्हटलं. त्या सोयीचे वर ४० डॉलर लागले, हे पुढच्या वर्षी नवऱ्याने पावती वाचली तेव्हा कळलं. तो अजून ऐकवतो.

२०२५ मध्ये आपलं राज्य आयआरएसच्या (अमेरिकेचं आयकर खातं) डायरेक्ट फाइलमध्ये, म्हणजे सरकारच्याच मोफत रिटर्न भरायच्या सोयीत, आलं. भरून पाहिलं. एका वेळी एक प्रश्न, साधी भाषा, मध्ये कुठेही ‘अपग्रेड करा’ नाही. फेडरल संपल्यावर तिथूनच न्यू जर्सीच्या रिटर्नकडे नेलं. भाडेकरूंना भाड्याच्या १८ टक्के रक्कम प्रॉपर्टी टॅक्स म्हणून धरता येते, हे मला तिथे पहिल्यांदा समजलं. नऊ वर्षं भाडं भरतेय!

आता ते बंद. २०२६ च्या सीझनला डायरेक्ट फाइल नसेल, असं २०२५ च्या नोव्हेंबरमध्येच राज्यांना कळवलं गेलं. त्यामुळे पाकीट टेबलावर आहे आणि मी विचारात. तुम्ही कसं भरता? फुकट, स्वस्तात, सीपीएकडे (इथला सीए)? कुठे फसलात? सविस्तर लिहा, ‘आम्ही सीपीएकडे देतो’ एवढंच लिहून पळू नका.

कॅलिफोर्नियातून

मी डायरेक्ट फाइलच्या २०२४ च्या पायलटमधला (पहिल्या चाचणीतला). तेव्हा बाराच राज्यं होती आणि अटी भरपूर. नोकरीचा पगार चालेल, बँकेचं व्याज १५०० डॉलरपर्यंतच, वजावट फक्त स्टँडर्ड, म्हणजे ठरलेली ठोक रक्कम. माझं व्याज १४८० होतं. वीस डॉलरने वाचलो! ओळख पटवायला फोनसमोर तोंड धरून बसावं लागलं, त्यात दोनदा नापास झालो कारण खोलीत उजेड कमी. बाकी काम पाऊण तासात आटोपलं. स्टेटसाठी राज्याचं स्वतःचं कॅलफाइल आहे, तेही मोफत.

पुढच्या वर्षी कंपनीने दिलेले शेअर विकले, १०९९-बी (शेअर विक्रीचं पत्रक) आला आणि डायरेक्ट फाइलने पहिल्या दोन पानांतच नमस्कार केला. तो फॉर्म त्यांच्याकडे नव्हताच. पण एक गोष्ट चांगली की सुरुवातीलाच सांगितलं. दोन तास टायपिंग झाल्यावर नाही.

मिडवेस्टमधून, विद्यार्थी

सीनियर लोकांनो, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांसाठी हे लिहितोय. पहिल्या वर्षी आम्ही चौघं रूममेट एका लॅपटॉपभोवती बसलो. एकाने भरलं, बाकीच्यांनी तसंच भरलं. फुकटचं सॉफ्टवेअर, वीस मिनिटांत रिटर्न, मॅगीचं पाणी उकळायच्या आत रिफंडचा आकडा. सगळे खूश.

चूक अशी की आम्ही १०४० (रहिवाशांचा नेहमीचा रिटर्न फॉर्म) भरलं. एफ-१ वर असताना साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं आपण टॅक्सच्या दृष्टीने नॉन-रेसिडेंट असतो, म्हणजे १०४०-एनआर. बहुतेक फुकट सॉफ्टवेअर तो फॉर्म करतच नाहीत, आणि तुम्ही कोण आहात हे नीट विचारतही नाहीत. आम्ही बेधडक ‘रेसिडेंट’वर टिचकी मारली होती. दोघांनी तर एज्युकेशन क्रेडिटही (शिक्षणखर्चावरची करसवलत) घेतलं. ते आपल्याला मिळत नाही.

सात महिन्यांनी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात एक वर्कशॉप झालं, तिथे बाईंनी विचारलं, १०४० कोणी भरलंय? आम्ही चौघं एकमेकांकडे बघतोय. मग १०४०-एक्स भरून दुरुस्ती आणि घेतलेले पैसे परत. माझे हजाराच्या वर गेले. त्या महिन्यात रोज खिचडी.

याची दुसरी बाजूही आहे. भारत-अमेरिका करारातल्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्यांना नॉन-रेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. चिनी रूममेटला ते मिळत नाही, त्यामुळे तो चिडतो. २०२४ सालासाठी ते १४,६०० डॉलर होतं, म्हणजे असिस्टंटशिपच्या पगारावरचा टॅक्स बराच कमी. आणि एक पैसाही कमावला नसेल तरी फॉर्म ८८४३ (आपण इथे विद्यार्थी म्हणून राहतो हे सांगणारा) पाठवायचा असतो. अनेक विद्यापीठं एनआर भरायच्या सॉफ्टवेअरचा फुकट कोड देतात, तो आधी मागा. मी मागितलाच नव्हता, ईमेल जंकमध्ये पडली होती.

टेक्सासमधून

आमच्याकडे स्टेट इन्कम टॅक्सच नाही. एवढंच सांगायला आलो होतो.

(बरं, प्रॉपर्टी टॅक्सबद्दल विचारू नका.)

इलिनॉयमधून

इथे सगळे सीपीएला झोडपणार हे दिसतंय, म्हणून मी उलट बाजूने. मी दरवर्षी ७०० डॉलर देतो आणि एकदाही कुरकुर केलेली नाही.

भारतात असताना एसआयपी चालू केली होती. इकडे आलो तरी चालूच ठेवली, दर महिन्याला चार फंडांत. कोणीतरी सांगायला हवं होतं की भारतातला म्युच्युअल फंड हा इथल्या कायद्यात पीफिक (पॅसिव्ह परदेशी गुंतवणूक कंपनी) होतो, आणि त्यासाठी फॉर्म ८६२१ लागतो, प्रत्येक फंडाला वेगळा. पाच वर्षं मी सॉफ्टवेअरवर भरत होतो. त्याने मला कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. व्याज दाखवायचो, तेवढ्यावर समाधान.

मग एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी ‘तुमचे फंड अजून चालू आहेत?’ असं विचारलं. पुढचं श्रीखंड घशाखाली उतरलं नाही. सीपीएने जुनी वर्षं दुरुस्त करून दिली, त्याचं बिल वेगळं आणि बरंच मोठं. त्याच्यासमोर बसून मी एकेका एसआयपीच्या हप्त्याची तारीख आणि त्या दिवशीचा डॉलरचा भाव वाचत होतो, तो लिहून घेत होता. साठ हप्ते गुणिले चार. संध्याकाळी त्याने स्वतःच चहा केला.

तेव्हा फुकट की पैसे मोजून, हा प्रश्न ज्याचे सगळे कागद इथलेच आहेत त्याचा. ज्याचा एक पाय पुण्यात आहे त्याने आधी आपल्याकडे काय काय आहे याची यादी करावी.

न्यू जर्सीतून, धागाकर्ती

इलिनॉयवाले दादा, अंगावर काटा आला. आमचे फंड नाहीत, पण आईबरोबर जॉइंट खातं आहे. ते धरायचं का?

इलिनॉयमधून

धरायचं ताई. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म. तुमचे पैसे त्यात नसले तरी नाव आहे ना, झालं. पण घाबरू नका, तो टॅक्स नाही, नुसती माहिती आहे. आयआरएसकडे नाही, फिनसेनच्या (अर्थखात्याची आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणारी शाखा) साइटवर भरायचा, आणि तो पूर्ण फुकट आहे. एफबारचे दीडशे डॉलर घेणारे आहेत, त्यांना ते देऊ नका. प्रत्येक खात्यातली वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक लिहायची, ट्रेझरीच्या (अमेरिकेच्या अर्थखात्याच्या) ३१ डिसेंबरच्या दराने डॉलरमध्ये. आमच्या मातोश्रींचं पतसंस्थेतलं पासबुक फोनवर वाचून घ्यायला मला दोन रविवार लागतात. ‘तुझ्या सरकारला माझ्या एफडीशी काय करायचंय?’ हा प्रश्न दरवर्षी येतो.

मेरीलँडमधून, निवृत्त

मी काही वर्षं आमच्या लायब्ररीत व्हिटाच्या टेबलावर बसतो. आपल्या लोकांना हे फारसं ठाऊक नाही म्हणून सांगतो. आयआरएसचा कार्यक्रम आहे, स्वयंसेवक परीक्षा देऊन बसतात, आणि रिटर्न भरून देतात, एक पैसा न घेता. २०२५ मध्ये साधारण ६७ हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी होतं. साठीच्या पुढच्यांसाठी टीसीई म्हणून वेगळी सोय आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या रिटर्नची परीक्षाही वेगळी असते, सगळ्याच केंद्रांवर ती दिलेला माणूस नसतो, फोन करून जा.

येणाऱ्याचा निम्मा वेळ कागद शोधण्यात जातो. गेल्या वर्षी एक मराठी जोडपं आलं होतं, मुलीकडे राहणारं, दोघंही दुकानात अर्धवेळ काम करणारी. काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीतून डब्ल्यू-२ काढला, नीट चौघडी केलेला, त्यावर हळदीचा डाग. काकांचं सोशल सिक्युरिटी कार्ड मात्र बँकेच्या लॉकरमध्ये. मूळ कार्ड बघितल्याशिवाय आम्हाला सहसा पुढे जाता येत नाही. काका चिडले, नंबर पाठ आहे म्हणाले, म्हणूनही दाखवला. दुसऱ्या दिवशी दोघं परत आले. जॉइंट रिटर्नला दोघांनी हजर राहावं लागतं. मी भरलं, दुसऱ्या स्वयंसेवकाने पुन्हा पहिल्यापासून तपासलं, तो नियमच आहे. रिफंड निघाला ६१२. आदल्या वर्षी एका दुकानात त्यांनी एवढ्याच कामाचे २९० दिले होते. काकूंनी पिशवीतून बेसनाचा लाडू काढला. आम्हाला काही घेता येत नाही. पुढचं मी लिहीत नाही.

वॉशिंग्टन राज्यातून

मी घरी कथकचे क्लास घेते. दोन शाळा मला १०९९-एनईसी (कंत्राटी कामाच्या पैशांचं पत्रक) देतात, बाकी फी थेट. पहिल्या वर्षी घाबरून मॉलमधल्या एका टॅक्सच्या दुकानात गेले. समोरची मुलगी कॉम्प्युटरवरचे प्रश्न मला वाचून दाखवत होती, मी उत्तर देत होते, ती टाइप करत होती. मधेच तिने विचारलं, घुंगरू हे उपकरण की कपडे? मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तिने मॅनेजरला बोलावलं. ३८० डॉलर.

दुसऱ्या वर्षीपासून स्वतः भरते. शेड्यूल सी (स्वतःच्या धंद्याचा जमाखर्च दाखवायचा फॉर्म) हा बाऊ करण्याइतका अवघड नाही, वर्षभर वही ठेवली तर. अवघड आहे तो सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, १५.३ टक्के, तो पहिल्यांदा दिसला तेव्हा चूक झाली असेल म्हणून मी तीनदा पान रिफ्रेश केलं. फेडरल फुकट आणि स्टेटचे पंधराएक डॉलर घेणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यातलं एक वापरते. आमच्याकडे स्टेट इन्कम टॅक्सही नाही, म्हणजे शून्य.

मॅसॅच्युसेट्समधून

थोडा इतिहास, कारण ‘सरकारने हे आधीच का नाही केलं’ असं वाटत असेल. २००२ मध्ये आयआरएस आणि टॅक्स कंपन्यांचा करार झाला. कंपन्यांनी कमी उत्पन्नाच्या लोकांना फुकट सेवा द्यायची, बदल्यात आयआरएसने स्वतःचं सॉफ्टवेअर काढायचं नाही. तेच फ्री फाइल. ही अट २०१९ च्या अखेरीस काढली गेली. त्याच वेळी, कंपन्यांनी आपलं फ्री फाइलचं पान सर्च इंजिनपासून लपवायचं नाही, असंही लिहावं लागलं. यावरून काय चाललं होतं ते ओळखा. मग एच अँड आर ब्लॉक २०२० मध्ये बाहेर पडली, टर्बोटॅक्सवाली इंट्युइट २०२१ मध्ये. ‘फ्री’च्या जाहिरातींवरून इंट्युइटने २०२२ मध्ये राज्यांशी १४.१ कोटी डॉलरची तडजोड केली, पुढच्या वर्षी लाखो लोकांच्या घरी तीसेक डॉलरचे चेक गेले.

डायरेक्ट फाइल २०२४ मध्ये १,४०,८०३ जणांनी वापरलं, २०२५ मध्ये २५ राज्यांत २,९६,५३१ जणांनी. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा चिमूटभर, हे बंद करणाऱ्यांचं म्हणणं. दुसऱ्याच वर्षी दुपटीच्या वर गेलं, हे माझं.

फ्री फाइल अजून आहे. २०२६ च्या सीझनला उत्पन्नाची मर्यादा ८९ हजार डॉलर. पण आत शिरायचं ते आयआरएसच्या पानावरूनच. गूगलवर ‘फ्री टॅक्स’ शोधून गेलात तर त्याच कंपनीच्या वेगळ्या दारातून शिरता, आणि त्या दाराला पुढे काउंटर असतो.

न्यू जर्सीतून, धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, विशेषतः मेरीलँडच्या काकांचे (लाडवाचं काय झालं ते आम्हाला कळलं).

आमचं उत्पन्न ८९ हजारांत बसत नाही, म्हणून फ्री फाइलमधलेच फिलेबल फॉर्म्स (ऑनलाइन भरायचे कोरे फॉर्म) उघडले. त्याला उत्पन्नाची अट नाही. कोरा १०४०, जसा कागदावर असतो तसा, हात धरून नेणारं कोणी नाही. मुलाचं शेड्यूल वेगळं जोडलं. नवरा आकडे वाचत होता, मी भरत होते, दोनदा भांडण झालं. रात्री साडेअकराला पाठवलं, सकाळी ईमेल: रिजेक्ट. गेल्या वर्षीचा एजीआय (काही ठरावीक वजावटी काढल्यावरचं उत्पन्न) जुळत नाही. गेल्या वर्षीची पीडीएफ कुठे ठेवली ते आठवेना. शेवटी आयआरएसच्या साइटवर आपल्या खात्यात शिरून ट्रान्सक्रिप्ट (जुन्या रिटर्नचा उतारा) काढला, १०४० ची अकरावी ओळ. मी ३ आणि ८ उलटे टाकले होते.

दुपारी ‘अ‍ॅक्सेप्टेड’ आलं. राज्याचं राज्याच्या साइटवर, तेही फुकट, पण ते शनिवारी. आज आईला फोन करून पासबुक वाचायला लावायचंय.