मदत हवी आहे: यांचं वजन नक्की किती असावं, आणि डाएटला तयार कसं करावं?

नमस्कार मैत्रिणींनो. आमच्या यांचं वय ४६, उंची १७० सेंमी, वजन ८८ किलो. आपल्या भारतीयांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) २३ च्या आत हवा, म्हणजे साधारण ६६ किलो. २२ किलो उतरवायचे म्हटल्यावर त्यांनी "मग राहू दे" म्हणून विषयच संपवला. लहानपणापासून तालमीत घुमलेलं अंग, हाडापेरानं मजबूत, त्यामुळे ६६ मलाही जरा कमीच वाटतं. पण पोटाचा घेर १०४ सेंमी आहे, पुरुषांचा ९० च्या आत हवा. खरी काळजी त्याचीच, कारण सासऱ्यांना शुगर होती.

डॉक्टर म्हणाले, आधी ५ ते १० टक्के उतरवा, तेवढ्यानंही बीपी-शुगरला फरक पडतो. म्हणजे ८० पर्यंत. हे मला पटलं.

अडचण खाण्याची. सकाळी मित्रांबरोबर मिसळ, कटाची वाटी दोनदा भरून, वर पाव. रात्री इथे कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीचं दूध. रविवारी पांढरा रस्सा, त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, आणि तो ते पाण्यासारखा पितात. मटण बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही, आणि करूही नये असं वाटतं. मी भात कमी करून ज्वारीची भाकरी आणि मोड आलेली मटकी वाढते, तर म्हणतात, "मी काय आजारी आहे का?"

रंकाळ्यावर चालायला मात्र तयार आहेत. कुणाच्या घरी असा माणूस वळला असेल तर सांगा, सुरुवात कुठून केली? आणि अशा अंगाला ७२-७५ किलो चालेल का?