घरातील मत्स्यकुंड : विटांचे की रबरी अस्तराचे?

धागाकर्ता : आमच्या बैठ्या घरात जिन्याखाली सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल असे गोल्डफिशसाठी कुंड बांधायचे आहे. विटांचे बांधकाम, आतून सिमेंटचा घोटीव गिलावा आणि त्यावर कडाप्पा, हेच साहित्य मला योग्य वाटते. रबरी अस्तर ही शेततळ्याची सोय आहे. बैठकीच्या खोलीत ते शोभत नाही आणि त्याच्या घड्यांत गाळ अडकतो.

अस्तरपक्षी : पूर्णपणे असहमत. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि सामू (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी हे दाखवणारा आकडा, pH) 11 च्याही वर जाऊ शकतो, तर गोल्डफिशला तो 7 ते 8 च्या आसपास मानवतो. ‘आठ दिवस पाणी भरून ठेवा, झाले’ या गवंड्याच्या शब्दावर विसंबून मी पाच मासे सोडले आणि दुसऱ्या सकाळी पाचही उताणे तरंगत होते. कडेला बोट फिरवले तर पांढरी साय हाताला लागली. एक मिलिमीटर जाडीच्या ईपीडीएम या कृत्रिम रबरातून असे काही उतरत नाही, शिवाय भिंतीला बारीक तडा गेला तरी ते ताणले जाते. राहिला कडाप्पा. तो चुनखडक आहे. त्यावर लिंबू पिळून पाहा, बुडबुडे येतील.

तिसरा पक्ष : साहित्याच्या वादात वजन विसरू नये. या कुंडात सुमारे 1,360 लिटर, म्हणजे जवळपास तेवढेच किलो पाणी मावते. तळमजल्यावर, खाली भरीव जमीन असेल तर चिंता नाही. मात्र हे वाचून कोणी वरच्या मजल्यावर असेच कुंड बांधणार असेल, तर राहत्या खोलीचा स्लॅब सहसा चौरस मीटरला 200 किलो वापरभार (माणसे, सामान यांचे वजन) धरून आखतात आणि दोन फूट पाणीच 600 किलो भरते, हे ध्यानात घ्यावे. तिथे फायबरची उथळ टाकीच बरी, तीही अभियंत्याला विचारून.

धागाकर्ता : कडाप्प्याचा मुद्दा मान्य, आत ग्रॅनाइट लावतो. अस्तर मात्र नकोच. गिलावा पूर्ण वाळल्यावर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालेल असे इपॉक्सी (राळेचा जलरोधक लेप) दोन हात लावले, तर चुना आतच अडतो.

अस्तरपक्षी : अडतो, पण इपॉक्सीवर ग्रॅनाइट चिकटवताना सांध्यांत पुन्हा सिमेंटच भरणार असाल, तर चुना परत आलाच. सांधेही इपॉक्सीनेच भरा. आणि मासे सोडण्याआधी उरलेल्या चुन्यावर उतारा म्हणून केळीच्या खुंटाचे तुकडे आठवडाभर पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्याचा सामू स्वतः तपासा. गवंड्याला विचारू नका.