परदेशी मुक्काम हलवताना गाडी : नेली, विकली की ठेवली?

परदेशी बिऱ्हाड हलवायचं ठरलं की फर्निचर, भांडी, पुस्तकं यांचा निकाल पटापट लागतो. घोडं अडतं ते गाडीपाशी. म्हणून हा धागा. ज्यांनी गाडी नेली, ज्यांनी विकली, सगळ्यांनी लिहा. खर्चाचे आकडे देशागणिक बदलतात, तेव्हा तुमचा निर्णय नेमका कशावर ठरला ते सविस्तर सांगा.

सुरुवात मी करते. माझ्या मते पहिला प्रश्न पैशांचा नाहीच. तो देश तुमची गाडी रस्त्यावर येऊ देणार का, हा आहे. अमेरिकेत २५ वर्षांपेक्षा नवी गाडी तिथल्या सुरक्षा-मानकांनुसार बनलेली नसेल, तर ती कायमची नेणं जवळपास अशक्य. सिंगापुरात वापरलेली गाडी तीन वर्षांच्या आतलीच लागते. ऑस्ट्रेलियाची आयात-परवानगी हातात येईपर्यंत गाडी जहाजावर चढवूच नये. आम्ही जिथे गेलो तिथे आमचं मॉडेल नियमात बसत नव्हतं, त्यामुळे जहाजाच्या भाड्याची चौकशी करायची वेळच आली नाही. गाडी विकली.

* * *

आम्ही नेली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेऊ.

मुलगा व्हीलचेअरवर असतो. गाडीला मागून लिफ्ट बसवलेली आहे, खुर्ची जमिनीला बांधायचे पट्टे त्याच्या खुर्चीच्या मापाने लावलेत आणि त्याची मान नीट राहावी म्हणून टेकूची उंची बसवून घेतली आहे. "विका आणि तिकडे दुसरी घ्या" असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण तशी गाडी शोरूममधून उचलून आणता येत नाही. ऑर्डर द्यायची, मापं द्यायची आणि थांबायचं. तोवर मुलाने घरात बसून राहायचं का?

आम्ही युरोपीय संघात गेलो. तिथे राहायला येणाऱ्यांना गाडीवर आयातशुल्काची सवलत मिळते. त्याआधी किमान १२ महिने संघाबाहेर राहिलेलं असावं लागतं आणि गाडी किमान ६ महिने तुमच्या वापरात असावी लागते. शिवाय आणल्यावर १२ महिने ती विकता, भाड्याने किंवा उसनी देता येत नाही. लिफ्ट बसवल्याची कागदपत्रं मी वेगळ्या फाइलमध्ये लावली होती, कारण नोंदणीच्या तपासणीत मूळ गाडीत नसलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल विचारतात.

रो-रो जहाज स्वस्त पडत होतं, पण त्यात किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते आणि बंदरावरचे लोक गाडी चालवून आत नेतात. आम्ही कंटेनर घेतला. लिफ्टच्या बटणावर जाड पुठ्ठा चिकटवून "हात लावू नये" असं तिकडच्या भाषेत लिहिलं. गाडी उतरली तेव्हा पुठ्ठा जागच्या जागी होता. मुलाने स्वतः तो काढला.

* * *

मी विकली. कारण स्टीअरिंग. तिकडे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालवतात. माझ्या गाडीला कायद्याने मनाई नव्हती, हेडलाइट बदलले की नोंदणी होणार होती. पण बायकोने एकच विचारलं, "पुढच्या ट्रकला ओलांडताना समोरून येणारं तुला दिसणार कसं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय तिथेच संपला.

* * *

मी क्लिअरिंगच्या, म्हणजे बंदरातून माल सोडवून देण्याच्या कामात आहे. सगळ्यांना कळकळीने सांगतो, विम्याचा कागद वाचा. काही पॉलिसी गाडी पूर्ण गेली तरच पैसे देतात. ओरखडा, पोचा, फुटलेला आरसा त्यात येत नाही. गाडी जहाजात भरण्याआधी चारही बाजूंनी, टपाचे आणि चॅसी नंबरचे तारखेसह फोटो काढा, आणि ताबा घेताना बंदरातच पाहणी करा. घरी आणल्यावर सापडलेल्या पोच्याला कोणी दाद देत नाही.

दुसरी गोष्ट जनरल अ‍ॅव्हरेजची. जहाज वाचवण्यासाठी खर्च करावा लागला, तर तो सगळ्या मालमालकांवर वाटला जातो, तुमची गाडी सुखरूप असली तरी. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' अडकलं तेव्हा हेच झालं. हमी भरेपर्यंत माल सुटत नाही. सागरी विमा असला की ती हमी विमा कंपनी देते, नसेल तर पैसे खिशातून. आणि जहाजं बुडतातही. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फेलिसिटी एस'ला आग लागली, सुमारे चार हजार गाड्या घेऊन ते अझोर्स बेटांजवळ मार्चमध्ये बुडालं.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. ते काम सगळ्यात आधी धरा. बिल ऑफ लेडिंगवरचं (जहाज कंपनीने माल घेतल्याच्या पावतीवरचं) नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न अक्षर जुळू द्या. एका अक्षराच्या दुरुस्तीपायी गाडी यार्डात पडून राहते आणि डेमरेज, म्हणजे पडून राहिल्याचा आकार, रोज चढत जातं.

* * *

इलेक्ट्रिकवाल्यांनी आधी प्लग बघा. उत्तर अमेरिकेतली सीसीएस-१ प्लगची गाडी युरोपातल्या सीसीएस-२ चार्जरला सरळ लागत नाही. वॉरंटी दुसऱ्या देशात चालेल का, हे कंपनीकडून लेखी घ्या. आमच्या बाबतीत उत्तर "नाही" आलं, आणि बॅटरी हाच गाडीचा निम्मा जीव. विकली.

* * *

वडिलांची जुनी गाडी मी ऑस्ट्रेलियाला नेली. वय २५ वर्षांच्या वर, त्यामुळे परवानगीचा रस्ता मोकळा होता. खरी अडचण अ‍ॅस्बेस्टॉसची. तिथे २००३ च्या अखेरीपासून त्यावर पूर्ण बंदी आहे, आणि जुन्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये, क्लचमध्ये, गॅस्केटमध्ये तो असतो. निघण्याआधी ते सगळे भाग बदलून घेतले, प्रयोगशाळेचा अहवाल सोबत ठेवला. मग सफाई. मडगार्डच्या आतल्या कडेला सुकलेली माती, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली गवताची बी, गालिच्याखालची पानं, सगळं टूथब्रशने काढलं. त्यांचा तपासनीस नेमकं तेच शोधत असतो. हिशेबाने पाहिलं तर नेणं परवडत नव्हतं. वडिलांनी मला ज्या गाडीवर चालवायला शिकवलं ती मी विकणार नव्हतो, म्हणून नेली. एवढंच कारण, आणि मला ते पुरेसं आहे.

* * *

मला दोनच वर्षांसाठी जायचंय. गाडी भावाकडे ठेवू का?

* * *

दोन वर्षांसाठी भावाकडे ठेवणंच बरं, असं माझं मत. दोनदा जहाज, दोनदा कस्टम्स, दोनदा नोंदणी कशाला? मात्र गाडी आता कोण चालवणार ते विमा कंपनीला लेखी कळवा, आणि नोंदणी वा विम्याची मुदत तुम्ही बाहेर असताना संपत असेल तर भावाच्या नावाने अधिकारपत्र आत्ताच करून ठेवा. तो चालवणार नसेल, तर बॅटरीची तार सोडवून ठेवायला सांगा.